ओसरीवरून जमवलेली जोडी

सोमाजी,

तुम्ही गेल्याची वार्ता आली त्या सकाळी माझ्या घरचा ॲम्प्लिफायर सुरू होता आणि त्याच्यावर वस्त्र नव्हते. या वाक्याचा उत्तरार्ध मी तुम्हांला दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवा होता. सांगितला नाही. आता तुमच्या दिवसाचे कार्यही होऊन गेले, आणि तुमच्यासमोर जे बोलण्याचे धैर्य झाले नाही ते कागदावर मांडायला बसलो आहे. गेलेल्या माणसाशी बोलताना वाणी शुद्ध असावी, असे आम्हांला लहानपणी शिकवले. शुद्ध म्हणजे निर्दोष उच्चारांची, असे मी आयुष्यभर समजत आलो. तेवढ्याने भागत नाही.

आपली पहिली भेट तुमच्या दुकानातली. समोर भाताची गिरणी; तिचा कोंडा उडून तुमच्या टेबलावरच्या उघड्या रेडिओंवर बसे आणि तुम्ही तो रंगाच्या जुन्या ब्रशने झाडत असा. मी भोंगा मागायला आलो होतो. माझ्या गुरूंच्या पाठाचे एक जुने ध्वनिमुद्रण माझ्याजवळ आहे. निवृत्तीनंतर घरी येणाऱ्या चार-पाच विद्यार्थ्यांना तेच ऐकवून मी उच्चार शिकवतो.

"भोंगा काऊन पाह्यजे जी तुम्हाले?" तुम्ही विचारले. "गाव गोळा करायचा हाय का?"

"पाठ ऐकवायचा आहे. पाच जणांना."

"पाच जणाइले भोंगा म्हणजे दोन पोळ्याइसाठी इटाची भट्टी पेटवणं झालं."

मग तुम्ही ते मुद्रण लावले आणि डोळे मिटून ऐकू लागलात. मध्येच हात वर करून म्हणालात, "थांबा. इथी बाबाजीचा श्वास पुरला नाई." ते स्थळ मी तीस वर्षे ऐकत होतो आणि तिथे विराम आहे असे शिकवत होतो. गुरूंना त्या वर्षी दम्याचा त्रास होता, हे मला तुमच्या टेबलापाशी उभा असताना आठवले. तुम्हांला संस्कृताचे अक्षर येत नव्हते. माणूस मात्र ऐकू येत होता.

तुमचा निर्णय असा झाला की मला पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे दोन स्पीकर हवेत आणि त्यांना झेपेल असा एक स्वस्तातला ॲम्प्लिफायर. त्यावर आपला पहिला वाद झाला. नागपूरला माझ्या पुतण्याकडे चार ओहमचे भारी स्पीकर मी पाहिले होते. मला तसलेच हवे होते. तुम्ही आठ ओहमवर अडून बसलात.

"चार ओहमचा स्पीकर लय वढते जी. आपला ॲम्प्लिफायर गरीब. लहान गोऱ्ह्याले जड बंडी जुंपली का तो फेस टाकते."

"खोक्यावर शंभर वॅट लिहिले आहे."

"लग्नाच्या पत्रिकेवर सारेच श्रीमान असतात, गुरुजी. खरे वीस धरा."

आवाजाच्या खुंटीवर तुम्ही पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिलात. त्याच्या पुढे जायचे नाही, असे बजावलेत. मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जळतो असे लोक समजतात. लहान्याला पिळले की तो कोकलतो आणि त्या कोकलण्याने आतला बारका स्पीकर आधी जळतो, हे तुम्ही मला तीनदा समजावलेत. मी ऐकले, पण अर्ध्या मनाने. मला वाटत होते, तुम्ही माझ्या ऐपतीकडे पाहून मला लहानाकडे वळवत आहात.

दसऱ्याला तुम्ही जोडी घेऊन घरी आलात. इथून पुढचे लिहिताना लेखणी जड होते.

तुम्हांला आत येऊ नका असे माझ्या घरात कोणी कधी म्हटले नाही. म्हणावे लागले नाही. ओसरीवर एक खुर्ची ठेवलेली असे आणि तुम्ही आलात की चहा तिथेच येई. तुमचे देव वेगळे, जंगलातल्या तुमच्या गावाची रीत वेगळी, आणि पाठाची खोली ही देवाची खोली. एवढे कारण मला पुरत होते. तुम्ही तारा जोडल्यात त्या ओसरीवर. आवाज तपासलात तो ओसरीवर. तपासण्यासाठी तुम्ही तुमच्या आईचे गाणे लावत असा. धानोऱ्याकडच्या तुमच्या गावी, म्हातारपणी, अंगणात बसून तिने म्हटलेले गोंडी गाणे. "मायचा आवाज खरा वाटला का मंग सारंच खरं," असे तुम्ही म्हणालात.

मी म्हणालो, "ते इथे नको. पाठ लावा."

तुम्ही गाणे बंद केलेत.  खिशातल्या फडक्याने हात बराच वेळ पुसत राहिलात.

मग जोडी आत मांडायची वेळ आली. मी आत, तुम्ही बाहेर. स्पीकर भिंतीला चिकटवू नका, पाठीमागे भोक आहे, वीतभर जागा सोडा, असे तुम्ही बाहेरून सांगत होता.

"डावा जरा समोर घ्या जी."

"किती?"

"चार बोटं. अजून थोडा. हं. आता बाबाजी मधोमध बसले."

आणि खरोखर, दोन खोक्यांच्या मध्ये, जिथे काहीच नव्हते तिथे, माझे गुरू येऊन बसले.  मी दारातून विचारले, "तिथून तुम्हांला कसे कळते?"

"इथून जेवढं ऐकू येते तेवढ्यावरून सांगतो, गुरुजी. बाकीचं तुमचं तुम्ही पाहा."

हे वाक्य मी त्या दिवशी विनयाचे समजलो.

तुम्ही गेल्यावर मी एक गोष्ट केली. ज्या यंत्रातून गुरूंची वाणी येते ते उघडे कसे ठेवावे? आमच्या घरी पोथी बासनात बांधून ठेवतात. गुरूंच्या पोथीचे लाल सुती बासन मी काढले, ॲम्प्लिफायरला चारही बाजूंनी गुंडाळले, खुंटीपुरती फट ठेवली आणि नमस्कार केला. सुरू असतानाही ते काढायचे नाही, असा नेम केला.

पहिला हिवाळा बरा गेला. तेव्हा पाठ अर्धा तासच चाले. चैत्रापासून मी तो तासभर केला, आणि चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास यंत्र आपोआप बंद पडू लागले. गुरूंचा शब्द मध्येच तुटे. विद्यार्थी एकमेकांकडे पाहत. मी तुम्हांला निरोप धाडी, तुम्ही येत असा, खुर्चीवर बसत असा, आणि मी बासन सोडून यंत्र तुमच्या हाती आणून देई.

ते तुमच्या टेबलावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले. "माझ्याइथी बंद नाई पडत जी. तुमच्याच घरी काऊन पडते?" तुम्ही तारा बदलल्यात. स्पीकर उघडून ओहम पुन्हा मोजलेत. दुसऱ्या खेपेला आतला एक भागच नवा बसवलात. तिसऱ्या खेपेस, दिवाळीच्या सुमारास, यंत्र परत देताना म्हणालात, "हवा लागू द्या जी याले."

मी म्हणालो, "खिडकी रोज उघडी असते."

तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलेत आणि "बरं" म्हणून सायकल काढलीत.

मार्गशीर्षात देवस्थानचे सचिव माझ्याकडे आले. सभामंडपात नवी ध्वनियोजना करायची होती. काम सोमाजींना द्यावे की कसे, असे त्यांनी विचारले. मी शपथेवर खोटे बोललो असतो तर निदान पाप तरी ओळखू आले असते. मी फक्त म्हणालो, "माझ्या घरची जोडी तर त्यांना जमली नाही." काम चंद्रपूरच्या एका दुकानाला गेले. मागोमाग शाळेचे गेले. आपल्या मूलसारख्या लहान गावात कारागिराचे नाव जायला एक वाक्य पुरते, आणि ते संस्कृत शिकवणाऱ्याच्या तोंडचे असेल तर कोणी उलट विचारीत नाही.

संक्रांतीला बासन धुवायला टाकले. आभाळ भरून आलेले; बासन दोन दिवस वाळले नाही. ते दोन्ही दिवस पाठ तासभर अखंड चालला. तिसऱ्या दिवशी बासन घातले आणि यंत्र मिटले. काढले, चालले. घातले, मिटले. ज्याच्या असण्याने दोष उद्भवतो आणि नसण्याने उद्भवत नाही तेच दोषाचे कारण, हा अन्वय आणि व्यतिरेक मी चाळीस वर्षे फळ्यावर लिहून शिकवला आहे. त्या दिवशी तो माझ्या हातात होता, लाल रंगाचा, नीट घडी घातलेला.

मला लगेच तुमच्याकडे यायला हवे होते. चपला घालून फाटकापर्यंत गेलोही. पण सांगणार काय होतो? यंत्राला कापड होते, एवढे सांगून सुटका नव्हती. तुम्ही विचारले असतेत, "मंग थो कपडा मले काऊन दिसला नाई जी?" आत आला असतात तर पहिल्या क्षणी दिसले असते. आणि आत का आला नाहीत, याचे उत्तर तुमच्याकडे नव्हते, माझ्याकडे होते. मी फाटकावरून परतलो. उद्या जाऊ म्हटले. असे दोन महिने उद्या होत राहिले. फाल्गुनातल्या एका सकाळी गिरणीतला माणूस सांगत आला की सोमाजी दुकानात बसल्या बसल्या गेले. आत गुरूंचा पाठ चालूच होता, उघड्या यंत्रावरून.

तुमच्या दिवसाच्या कार्याला मी ऑटोने जोडी घेऊन आलो. तुमच्या पत्नीला, शेवंताबाईंना, आदल्या दिवशी निरोप पाठवला होता की त्यांच्या सासूबाईंचे गाणे त्या दोन स्पीकरवर ऐकवावे अशी माझी इच्छा आहे. मनात दुसरेही होते. जमलेल्यांसमोर खरे सांगायचे, आणि यंत्र तासभर चालवून ते सिद्ध करायचे. धानोऱ्याकडून तुमचे लोक गाडी करून आले होते. देवस्थानचे सचिव आले होते. तुमचे जुने गिऱ्हाईक होते. अंगणात हिरव्या फांद्यांचा मांडव होता, पण स्टूल ठेवायला जागा मिळाली ती मांडवाच्या कडेला, आणि ऊन सरकत तिथे येणार हे मला दिसत होते.

स्पीकर मांडताना भिंत नव्हतीच. खुंटी ठिपक्यावर आणली. गाणे सुरू झाले आणि अंगणातली बोलणी एकदम थांबली. तुमच्या नात्यातल्या दोन बायका जागीच खाली बसल्या.

उभे राहून बोलायचे असे ठरवले होते. उठलो नाही. पहिली फेरी संपली, गाणे पुन्हा सुरू झाले. मी घड्याळ पाहत होतो. वीस मिनिटे. मागून कोणी म्हणाले, "आवाज वाढवा ना गुरुजी, मांगं ऐकू नाई येऊन राह्यलं." मी मान हलवली. "ठिपक्याच्या पुढे नाही." "काऊन?" "त्यांनी सांगितले आहे." पंचवीस. ऊन स्टुलाच्या पायाशी आले. उघड्या उन्हात हे यंत्र मी कधी चालवून पाहिलेच नव्हते. ते आज मिटले असते तर तुमचे नाव माझ्या हातून दुसऱ्यांदा बुडाले असते, तेही तुमच्या अंगणात, तुमच्या आईच्या आवाजासकट. तिसावे मिनिट. पस्तिसावे. मी झाकणाला हात लावून पाहिला. चटका बसत होता.

तेवढ्यात तुमचे मामा उठले. वयाने माझ्याहून थोरले, काठी टेकत आले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि ॲम्प्लिफायरवर पसरला. अगदी हळुवार, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावे तसा.

 मी पुढे होऊन दुपट्ट्याला हात घातला.

"राहू द्या जी," मामा म्हणाले. "माह्यी बहीण बोलून राह्यली त्याच्यात. उन्हात कशी ठेवू तिले?"

सगळे आमच्याकडे पाहत होते. भावाने बहिणीवर घातलेले वस्त्र मी दोन्ही हातांनी उचलले, घडी केली आणि त्यांच्या हातात परत दिले. मामांचा चेहरा उतरला.

"भाऊ," मी म्हणालो, "मीही हेच केले होते."

मग बोलणे आले. जसे यायचे होते तसे नव्हे. अडखळत, पाठ न केलेले. की ही जोडी सोमाजींनी जमवली आणि ती पहिल्या दिवसापासून जमलेली होती. की माझ्या घरी ती बंद पडे कारण मी तिला बासनात गुंडाळून तिचा श्वास कोंडला होता. की सोमाजींना ते दिसले नाही, कारण मी त्यांना ओसरीच्या पुढे कधी बोलावले नाही. की हे कळूनही दोन महिने मी त्यांना सांगितले नाही. आणि मधल्या काळात माझ्या एका वाक्याने त्यांची कामे गेली.

सचिव खाली पाहत राहिले. तसेच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणाले म्हणून आम्ही..."

"होय. मी म्हणालो म्हणूनच."

गाणे चालू होते. चाळिसावे मिनिट केव्हा गेले ते माझ्या ध्यानात आले नाही. मामांनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला, काठीवर भार देऊन उन्हाच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि त्यांची सावली स्टुलावर पडली. यंत्राला न शिवता. तासाहून अधिक काळ ते तसेच उभे होते, सोमाजी, आणि तुमचा गरीब गोऱ्हा एकदाही बसला नाही.

लोक जेवायला बसल्यावर शेवंताबाई माझ्यापाशी आल्या. हातात काड्यापेटी होती. त्यांनी ती उघडून माझ्यासमोर धरली. आत लाल सुताचे चार-पाच धागे होते.

"दिवाळीले थे मशीन खोललं तवा जाळीत भेटले त्याले," त्या म्हणाल्या. "तवाच समजलं होतं जी त्याले."

मी एक धागा बोटावर घेतला; माझ्या बासनाचाच तो.

"मी म्हणलं, जाऊन सांग ना मंग. तर म्हणे, कपडा काढा म्हणलं का त्याइले वाटन मी आत डोकावून पाह्यलो. म्हणे, हवा लागू द्या म्हणून सांगून आलो. गुरुजी शिकेल माणूस हाय, समजन त्याइले." मग त्यांचा आवाज बदलला. "देवळाचं काम गेलं तवा मात्र तीन दिवस बोलला नाई कोणाशी. रागावला होता तो तुमच्यावर. थे बी सांगून ठेवतो."

"सांगितलेत ते बरे केलेत," मी म्हणालो.

"धागे फेकू का म्हणलं. तर म्हणे, राहू दे. गुरुजी सांगायले येतीन तवा दाखवू."

ती पेटी आता माझ्या पोथ्यांच्या फळीवर आहे. तुम्ही मला सोपी वाट ठेवली होती. मी दार उघडून आलो असतो तर तुम्ही पेटी पुढे केली असतीत, लग्नपत्रिकेसारखा काहीतरी टोमणा मारला असतात, आणि आपण दोघे हसलो असतो. मंगळवार नाही तर बुधवार, एखादा दिवस त्यासाठी पुरला असता. क्षमा मागायला माणूस समोर लागतो, ही साधी अट मी विसरलो.

काल शेवंताबाई गाण्याची पेनड्राइव्ह न्यायला आल्या. ती त्या दिवशी माझ्या पिशवीतच राहिली होती. सवयीने ओसरीवर थांबल्या आणि खुर्चीसाठी इकडेतिकडे पाहू लागल्या. खुर्ची मी आत नेऊन ठेवली आहे, दोन स्पीकरच्या बरोबर समोर, जिथे तुम्ही बसायला हवे होतेत.

"आत या, बाई."

त्या उंबऱ्याशी क्षणभर घुटमळल्या. मग चपला काढून आल्या आणि अवघडून बसल्या. विद्यार्थ्यांचा पाठ संपला होता. मुले अजून आवराआवर करीत होती. मी गुरूंचे मुद्रण काढले आणि तुमच्या आईचे गाणे लावले. या खोलीत ते प्रथमच वाजत होते. मुले थांबून ऐकू लागली.

शेवंताबाई डोळे मिटून बसल्या होत्या. अर्धे गाणे झाल्यावर म्हणाल्या, "मले त्यातलं काई समजत नाई, गुरुजी. पण माय एका अंगाले बसली वाटते. डावा जरा समोर घ्या."

"किती?"

"घ्या ना. सांगतो मी."

कार्याहून आणल्यापासून डावा स्पीकर मागेच राहिला होता; मी गुडघे टेकून तो सरकवू लागलो. चार बोटे झाली. त्यांचे 'हं' आले नाही. आणखी सरकवला. बाहेरून ऐकून तुम्ही जी जागा ठरवली होती, तिच्या पुढे बोटभर गेलो.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बसली."